बाद झालेली पत्रिका

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे हातात चहा असेल आणि तो सांडला तर मी जबाबदार नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या, प्रीतीच्या, लग्नाची पत्रिका मी कंप्युटरच्या शिस्तीत छापायला गेलो, त्याचा हा किस्सा. शिस्त माझी, कंप्युटर माझा, आणि तोंडावर आपटलो तोही मीच.

तर मी सॉफ्टवेअरवाला. सिंदी मेघेत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. आमच्या धंद्यात एक फार गुणी वस्तू असते. तुम्ही मजकुरात जो बदल कराल, त्याची नवी आवृत्ती ती साठवते, आणि प्रत्येक आवृत्तीसोबत एक ओळ लिहायला लावते, की बाबा रे, हा बदल का केलास? एखादी आवृत्ती नकोशी झाली तर ती पुसायची नाही. तिच्यावर 'बाद' अशी खूण करायची. खूण झाली की ती यादीतून दिसेनाशी होते. दिसेनाशी, बरं का. जात कुठेच नाही. घरातल्या जुन्या भांडणांसारखं समजा.

आता बाद आवृत्त्या लपवायच्या की दाखवायच्या, हे ज्याच्या त्याच्या कंप्युटरवरच्या कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फायलीत, एका ओळीत लिहिलेलं असतं. ही ओळ लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

तुम्ही विचाराल, पत्रिकेला एवढा कारभार कशाला? अहो, चुलतभावाच्या लग्नात पत्रिकेच्या फायली व्हॉट्सॲपवर फिरल्या होत्या. 'फायनल', 'फायनल नवी', 'हीच फायनल', 'आता खरंच फायनल'. शेवटी छापली गेली ती पहिली, आणि त्यात नवरदेवाच्या नावाच्या जागी टिंबं होती. म्हणून मी घरात जाहीर केलं की या वेळी मजकूर माझ्या पद्धतीने सांभाळला जाईल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गजूभाऊंचा छापखाना आहे. त्यांच्या कंप्युटरवरही मी ते सॉफ्टवेअर बसवून दिलं, म्हणजे माझी प्रत्येक आवृत्ती इंटरनेटवरून त्यांनाही मिळेल. गजूभाऊ म्हणाले, पेनड्राइव्ह आणून द्या ना भाऊ. मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं आणि लाज वाटते.

पहिली आवृत्ती बाबांनी सांगितली, मी टाइप केली. त्यात मामांचं नाव नव्हतं.

हे मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, विलासमामा. कारंज्याला हायवेवर त्यांचा ढाबा आहे. ढाब्याच्या उद्घाटनाच्या पत्रिकेत त्यांनी बाबांचं नाव धाकट्या जावयाच्या खाली छापलं होतं. बाबा थोरले जावई. त्या दिवसापासून बाबांनी मामांशी बोलणं सोडलं होतं. "त्यानं मले खाली टाकलं, मी त्याले टाकतच नाई," असं म्हणून विषय संपवला. आवृत्तीसोबतच्या ओळीत मी लिहिलं, 'मामा नको. बाबा ठाम.' तळाशी ती लाडकी ओळ टाकायची होती ना, 'माज्या ताईच्या लग्नाला यायचं हं!', आणि खाली किलबिल म्हणून लेकरांची नावं. चुलत-मावस लेकरांची नावं हाताशी नव्हती. जागा रिकामी दिसू नये म्हणून मी तात्पुरतं माझंच घरचं नाव टाकून दिलं. चि. बंटी. वयाची तिशी ओलांडलेला, दाढी राखलेला चि. बंटी.

आई काही बोलली नाही, फक्त जेवली नाही. प्रीती मात्र बोलली. मामाशिवाय बोहल्यावर कोण आणणार मला, असं तिने बाबांना तोंडावर विचारलं. आपल्याकडे नवरीला मामाच हात धरून आणतो, तुम्हाला ठाऊकच आहे. मामा नाही तर मी खोलीतून बाहेर निघत नाही, असं म्हणून ती आत गेली आणि तिने कडी लावली. रंगीत तालीमच म्हणा.

बाबा विरघळले. मामांचं नाव घाल, म्हणाले, आणि वरच घाल. मी दुसरी आवृत्ती केली. किलबिलमध्ये खरी लेकरं भरली, माझं नाव काढलं. सोबत ओळ लिहिली, 'आई जेवली नाही. मामा आत.' पहिलीला बाद केलं.

दुसऱ्या दिवशी गजूभाऊ घाबरेघुबरे घरी आले. काल त्यांनी पहिल्या आवृत्तीवरून अक्षरं जुळवायला घेतली होती आणि आज ती कंप्युटरवर दिसतच नव्हती. "भाऊ, तुमच्या मशीनमंदी चोर हाये," म्हणाले. मी त्यांना समजावलं की ती गेली नाही, लपली आहे. त्यांना ते अजिबात पटेना. छापखान्यातली वस्तू लपते म्हणजे काय? शेवटी त्यांच्या समाधानासाठी मी त्यांच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ घातली, की इथे काहीही लपवू नकोस, बाद असलं तरी दाखव. फार तर बाद आवृत्तीसमोर एक बारीक फुली येईल. गजूभाऊ खूश झाले. मी चहा पिऊन ती ओळ विसरलो.

पुढे बाबांनी मोठ्या मनाने मामांना फोन लावला. मामांनी कापला. परत लावला, परत कापला. झालं. बाबा लालबुंद. नाव काढ म्हणाले, आत्ताच्या आत्ता काढ. आता मला सांगा, पुन्हा एकेक ओळ कोण बदलत बसणार? मी आळशीपणाने ती पहिली बाद आवृत्तीच उकरून काढली आणि तिसरी म्हणून चढवली. ओळ लिहिली, 'मामांनी फोन कापला. मामा बाहेर.'

दुपारी मामांचाच फोन आला. ढाब्यासमोर ट्रक विजेच्या खांबाला धडकला होता, गर्दी होती, भाऊजी माफ करा, असं काहीतरी ते बोलले. बाबांचा आवाज एवढा मऊ झाला की आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. फोन ठेवून बाबा मला म्हणाले, "टाक रे त्याले परत."

मी तिसरीलाही बाद केलं. माझ्या स्क्रीनवर ती झटकन गायब झाली आणि मामांचं नाव असलेली दुसरी आवृत्ती वर आली. किती सुबक, किती स्वच्छ! मी गजूभाऊंना फोन करून ऐटीत सांगितलं, कंप्युटरवर ताजी यादी उतरवून घ्या आणि सगळ्यात वरची आवृत्ती छापा.

माझ्या स्क्रीनवर सगळ्यात वर दुसरी होती. त्यांच्या स्क्रीनवर सगळ्यात वर कोणती असेल? तुमच्या लक्षात आलं. मला मात्र तेव्हा सुचलं नाही.

गठ्ठे बांधून आले. एक पत्रिका आईने देवापुढे ठेवली, दुसरी मामांची. पाकिटाला हळदीकुंकू लावलं. बाबांनी विचारलं, वाचली का रे नीट? मी म्हटलं, बाबा, मी स्क्रीनवर पाहिलंय, त्यात चूक होऊच शकत नाही. होऊच शकत नाही, असं म्हणालो मी.

बाबा आणि मी कारंज्याला ढाब्यावर गेलो. मामांनी बाबांना बाजेवर बसवलं, टॉवेलने हात पुसले, चष्मा लावला आणि पत्रिका उघडली. गणपतीपासून वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते. शेवटपर्यंत गेले. मग परत वरून सुरू केलं. बाबा मिशीत हसत होते, की बघ, तुझं नाव कसं वर टाकलंय.

मामांनी पत्रिका घडी करून पाकिटात घातली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली.

"भाऊजी," ते हळू म्हणाले, "एवढ्या लांब याची काय गरज होती? फोनवरच सांगतलं असतं, नको येऊ म्हणून."

बाबांनी पत्रिका काढून वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरू शकत नाही. मला काही म्हणता काही कळेना. नाव मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं! मामा उठून आत जायला निघाले. प्रीतीची ती कडी माझ्या कानात वाजली. मी दोन्ही हात पसरून त्यांच्या वाटेत उभा राहिलो. मामा, तुमचं नाव आहे, म्हटलं, म्हणजे छापलेल्यात नाही, पण आहे. जे छापलंय ते खरं तर नाही. ते बाद आहे, लपलेलं आहे, पण इथे दिसतंय.

"तू काय पिऊन आला का बे?" मामांनी विचारलं.

पुरावा दाखवायलाच हवा होता. मी गाडीतून लॅपटॉप आणला, टेबलावर उघडला, आणि काय गडबड झाली ते मलाही कळावं म्हणून बाद आवृत्त्यांसकट सगळी यादी काढली. एव्हाना जेवण टाकून दोन-तीन ट्रकवालेही मागे येऊन उभे राहिले होते. मी मामांना म्हटलं, हे पाहा, ही दुसरी आवृत्ती, इथे तुमचं नाव.

पण मामा नाव पाहतच नव्हते. ते त्या शेजारच्या ओळी वाचत होते. का बदललं, त्या माझ्या ओळी!

'मामा नको. बाबा ठाम.'

'आई जेवली नाही. मामा आत.'

'मामांनी फोन कापला. मामा बाहेर.'

"अरे, फिर काट दिया मामा को?" मागून एक सरदारजी कळवळून म्हणाला.

बाबा बाजेवरून उठून आले आणि त्यांनीही वाचलं. आपला अख्खा रुसवा क्रमवार लिहिलेला पाहून त्यांचे कान तांबडे झाले. लॅपटॉप मिटावा की स्वतःच त्यात मिटून जावं, मला समजेना.

मामांनी मधल्या ओळीवर बोट ठेवलं. "ताई जेवली नाई?"

बाबा खाली बघत म्हणाले, "नाई जेवली. मंग मी बी नाई जेवलो. तुह्याशिवाय त्या घरात काही शिजते का?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग भटारखान्याकडे तोंड करून ओरडले की तीन ताटं वाढा, आणि सरदारजीला म्हणाले, तू बी बस. जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "पोरीले मीच आणीन. पण नाव पायजे, भाऊजी. नाव सोडत नाई मी."

पत्रिका पुन्हा छापायला वेळ नव्हता. मी तडक गजूभाऊंना गाठलं आणि विचारलं, बाद आवृत्तीसमोरची फुली दिसली नाही का? दिसली ना, म्हणाले. त्यांनी दर निवडणुकीत नमुना मतपत्रिका छापल्या आहेत, ज्याच्यासमोर फुली तोच निवडायचा. शिवाय मी फोनवर सांगितलेली सगळ्यात वरचीही तीच होती. माझ्या सांगण्यात आणि त्यांच्या फुलीत एवढा एकोपा असताना त्यांनी शंका का घ्यावी? मी घातलेली कॉन्फिगरेशनची ओळ तिथेच होती. मला बघून हसत होती म्हणा ना.

तोड गजूभाऊंनीच काढली. 'नवरीचे मामा श्री. विलासराव' असा रबरी शिक्का बनवला आणि मला शाईची गादी दिली. एकेका पत्रिकेवर जांभळा शिक्का मारत मी बसलो. शिक्के जरा तिरके आले. रोहण्याला राहणाऱ्या आमच्या काकांना वाटलं, लग्नाला आता मामाची मंजुरी घ्यावी लागते.

सगळ्यांचं लक्ष त्या एका शिक्क्याकडे. पत्रिकेच्या तळाशी कोण बघतो? मीही नाही बघितलं.

लग्नाच्या दिवशी मामांनी प्रीतीचा हात धरून तिला बोहल्यावर आणलं. फेट्याचा तुरा हलत होता, आणि रडत होते ते स्वतःच. बाबांनी उठून त्यांना जागा दिली. खरं सांगतो, माझेही डोळे भरले. वाटलं, चला, निभावलं.

अक्षता पडल्यावर मामा माझ्याजवळ आले. आर्वीकडचं एक स्थळ त्यांनी माझ्यासाठी आणलं होतं. मुलीकडची मंडळी मला बघायलाच लग्नाला आली होती, आणि पत्रिका नीट तळापर्यंत वाचून आली होती.

"काय म्हणतात?" मी केसांवरून हात फिरवत विचारलं.

"पोरगी द्याले तयार हायेत," मामा म्हणाले. "पण म्हणतात, पोरगं अजून लहान हाये. किलबिलात नाव हाये त्याचं."

मी खिशातून पत्रिका काढली. तळाशी, फुलाफुलांच्या नक्षीत, एकटाच. 'माज्या ताईच्या लग्नाला यायचं हं! चि. बंटी.' प्रीती माझ्याहून लहान आहे हो.

मी लगेच लॅपटॉप आणायला धावलो. त्यांना दाखवतो, म्हटलं, ती बाद आवृत्ती आहे, दुसरीत माझं नाव नाही. मामांनी माझा हात धरला, जसा मघाशी प्रीतीचा धरला होता तसाच, आणि मला शांतपणे चालवत जेवणाकडे नेलं.

लहान मुलांची पंगत बसली होती. त्यात बसवलं मला.