पाठ फिरवून ऐकणाऱ्या बाई

बातमी आली ती एस.टी.च्या कंडक्टरकडून. आमच्या शाळेसमोर गाडी थांबत नाही, पण त्या दिवशी थांबली, आणि दारातून मान बाहेर काढून तो ओरडला, "अवो बाई, पौडच्या दातारबाई गेल्या! आज सकाळीच." मी फळ्यावर 'शिक्षणाचे फायदे' असा निबंधाचा विषय लिहीत होते. 'फायदे'तला 'दे' लिहायचा राहिला तो राहिलाच. रडले, नाही कशाला म्हणू? पण रडता रडता हसूही आलं, कारण हा विषय बाईंना मुळीच खपायचा नाही. "फायदे विचारायचे ते शेणखताचे," असं त्या म्हणायच्या. "शिक्षणाबद्दल मुलांना दुसरं काहीतरी विचार गं." मी खडू ठेवला, मुलांना सुट्टी दिली आणि पुढच्या गाडीनं पौडला गेले.

दातारबाई पुण्याहून पौडच्या शाळेत मराठी शिकवायला आल्या, तेव्हा मी सहावीत होते. पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. बरोबर सामान काय, तर एक ट्रंक आणि एक वेताची खुर्ची. एस.टी.च्या टपावरून ती खुर्ची उतरवताना बघायला निम्मं पौड जमलं होतं. विधवा बाई, एकटी राहणार, स्वतःची खुर्ची घेऊन येणार... बायकांना बोलायला पुरे झालं. "आंदन म्हून खुर्ची आनली का काय?" असं आमच्या आयनं विचारल्याचं मला पक्कं आठवतंय. पुढं याच आयनं बाईंसाठी नाचणीच्या भाकऱ्या फडक्यात बांधून पाठवल्या, आणि बाईंनी त्या पिठलं करून मिटक्या मारत खाल्ल्या, ही गोष्ट वेगळी.

त्यांच्या तासाला निबंध लिहून वही पुढं सरकवली की सुटलो, असं नसायचं. ज्यानं लिहिला त्यानं उभं राहून मोठ्यानं वाचायचा. आणि वाचायला लागलं की बाई उठायच्या, खिडकीशी जायच्या आणि वर्गाकडे चक्क पाठ करून उभ्या राहायच्या. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, रागावल्या. मी धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "माझं तोंड बघत वाचलंस ना हौसा, तर मला आवडेल तेच वाचशील. मला तुझं ऐकायचंय." पाठ फिरवली म्हणजे आम्हाला रान मोकळं, असंही नव्हतं हं. मागच्या बाकावर कोण चिंच चघळतंय ते त्या आवाजावरून ओळखायच्या आणि वळून न बघता नाव घेऊन उठवायच्या. आमच्या बोलण्याला मात्र त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. आम्ही 'हाय' लिहिलं की वर बारीकशी खूण करायच्या. "बोलताना हाय, लिहिताना आहे. घरातलं लुगडं वेगळं, बाजाराला जायचं वेगळं. घरातलं काही टाकून द्यायचं नसतं."

मी सातवीत असताना त्यांनी विषय दिला, 'माझा आवडता लेखक'. झालं! बाकीच्या मुलांनी कुणाकुणाच्या थोरल्या भावाकडची जुनी निबंधमाला मिळवली आणि एकजात सगळ्यांचे लेखक साहित्याच्या आकाशात सूर्यासारखे तळपायला लागले. मी नदीपलीकडच्या वाडीतली. मला कुठली निबंधमाला! पण मला काळजी नव्हती, कारण मला एक लेखक चांगले ठाऊक होते. पौडच्या कचेरीसमोर झाडाखाली बळवंतराव नावाचे गृहस्थ उतरत्या मेजामागं बसायचे, लोकांना अर्ज लिहून द्यायचे. डोक्यावर खोडाला ठोकलेली पाटी. पाटीवरचा 'अर्ज' पावसानं कधीच धुऊन गेला होता, राहिलं होतं नुसतं 'लेखक'. अख्खा तालुका त्यांना लेखकच म्हणायचा. लेखक म्हणजे ते, दुसरा कुणी असतो हे मला काय माहीत!

मी झाडून सगळं लिहिलं. आमच्या शेताकडे गाडी न्यायची पाणंद भावकीनं काटे टाकून अडवली, तेव्हा आबा म्हणजे माझे वडील अर्ज लिहून घ्यायला गेले होते, आणि त्यांच्याबरोबर मी. आबांना बोलायचंच सुधरेना. टोपी काढून ती पिळत नुसते उभे. बळवंतरावांनी टाक खाली ठेवला आणि पाणंदीचं सोडून बैलांची चौकशी केली. बैलांचं नाव निघताच आबा जे बोलायला लागले! आडवाटेनं नेताना गाडी कशी उलटली, धाकट्या बैलाच्या खुरात काटा कसा मोडला, तो रात्रभर कसा बसला नाही... सगळं. मग लेखकांनी अर्ज लिहिला, आबांना वाचून दाखवला आणि विचारलं, "हेच म्हणायचं होतं ना?" आबा म्हणाले, "हेच. हेच म्हनायचं व्हतं." माझ्या निबंधाचा शेवट असा होता : "म्हणून ते माझे आवडते लेखक आहेत. त्यांची पुस्तके नाहीत. त्यांचे कागद कचेरीत आहेत."

वर्ग हसून लोळला. मला वाटलं भुई दुभंगावी. खिडकीकडे बघितलं तर बाईंचे खांदेही हलत होते. वळल्या तेव्हा पदरानं डोळे पुसत होत्या. "बाई, तुमीबी हसला?" मी रडवेली होऊन विचारलं. "हसले की! आवडलं म्हणून हसले," त्या म्हणाल्या. "अगं, लेखक म्हणजे पुस्तकं लिहिणारा, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. पण लेखक काय करतो ते तुला कळलंय." मग सूर्यवाल्यांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्यापैकी कुणाचा लेखक बैलाची चौकशी करतो का रे?" आणि मला विचारलं, "हेच म्हणायचं होतं ना तुला?" मी मान हलवली. त्या दिवसापासून हा प्रश्न बाईंनी जो उचलला तो उचललाच. कुणाचाही निबंध वाचून संपला की खिडकीकडून वळायच्या आणि विचारायच्या, "हेच म्हणायचं होतं ना?" गंमत म्हणजे निम्म्या वेळा मुलं म्हणायची, "न्हाई बाई," आणि वही घेऊन पुन्हा लिहायला बसायची.

पण माझी शाळा तिथंच संपायची होती. पौडला आठवीचा वर्ग नव्यानं निघणार होता, आणि आबांचं ठरलेलं, सातवी झाली की बास. तेरा वर्षांची पोर, नदी ओलांडून रोज जाणार, लोक काय म्हणतील. एक स्थळही सांगून आलं होतं. मी आयच्या मागं लागले, चुलीपुढं बसून रडले, जेवण टाकलं, कशाचा उपयोग नाही. बाईंना कुणी सांगितलं कोण जाणे, एका दुपारी त्या चपला हातात घेऊन नदीतल्या धोंड्यांवरून आमच्या वाडीत हजर! लुगड्याचा काठ ओला, कपाळावर घाम. आबांनी घोंगडी अंथरली आणि बाईंनी तोंड उघडायच्या आतच सांगून टाकलं, "बाई, आलाय तर च्या घिऊन जावा. पर साळंचं काडू नगा. पोरगी कागद वाचाया लागली, लई झालं."

मला वाटलं, आता बाई शिक्षणावर भाषण करणार. छे! त्यांनी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि म्हणाल्या, "हौसा, तो निबंध वाच." आणि सवयीनं उठून पाठ फिरवून उभ्या राहिल्या. आमच्या पडवीला खिडकी कुठली! त्या बाजूला म्हैस बांधलेली. बाई म्हशीकडे तोंड करून गंभीरपणे उभ्या, आणि आबा हळूच मला म्हणतात, "रुसल्या का काय गं?" मी वाचायला लागले. पाणंद आली, टोपी आली, बैलाचा खूर आला. आबांची सुपारी कातरायची थांबली. वाचून संपलं. मग आबा म्हणाले, "मी आसा टोपी पिळत व्हतो?" आतून आय म्हणाली, "व्हय तर! आजून सुरकुत्या हायेत तिला."

आबा उठले, बाहेर जाऊन पान थुंकून आले. डोळे पुसून आले, हे मला दिसलं. "आन् ह्ये आटवीत काय शिकिवत्यात?" त्यांनी विचारलं. बाई म्हशीकडून वळल्या. "हेच. अजून जरा नीट." आबांनी माझी वही हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. "जाऊ द्या मंग हिला," ते म्हणाले. "पर येक. पुडला अर्ज घरात लिवायचा. कचेरीपातुर हेलपाटा नगं." स्थळाला काय निरोप गेला मला माहीत नाही. मी आठवीत गेले, अकरावी झाले, ट्रेनिंग केलं, आणि आता भूगावच्या वाटेवरच्या एका गावात मुलांना निबंध सांगते. आबांचे अर्ज लिहितेच, शिवाय भावकीचेही लिहिते... त्याच काटे टाकणाऱ्या भावकीचे! आबा शेजारी बसून सांगतात, "बैलाचं इचार आदी."

गेली दोन वर्षं बाईंना नीट दिसत नव्हतं. दर रविवारी मी माझ्या वर्गातल्या मुलांच्या वह्या घेऊन त्यांच्या खोलीवर जायची. त्या वेताची खुर्ची खिडकीकडे वळवायच्या, माझ्याकडे पाठ करून बसायच्या आणि मी वाचायची. आता दिसतच नाही तर पाठ कशाला फिरवता, असं मी चिडवलं, तर म्हणाल्या, "तुला दिसतं ना माझं तोंड!" शेवटच्या रविवारी एका मुलानं शाळेवर लिहिलेलं वाचलं : 'मला शाळा आवडते, कारण घरी मला कोणी तू काय म्हणतोस असे विचारत नाही.' बाई किती वेळ हसत होत्या. "बघ, हा फायद्याचं बोलला नाही," म्हणाल्या. समाधानी होत्या. जाताना मी वह्या गोळा केल्या तर म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तुझं काहीतरी आण. मुलांचं पुष्कळ झालं."

ते राहिलं. पुढची खेप अशी आली. त्यांच्या भाच्यानं सामान आवरताना विचारलं, काय हवं तुम्हाला? मी खुर्ची मागितली. ती पुन्हा एस.टी.च्या टपावर चढली, कंडक्टरनं तिकीट घेतलं नाही, आणि आता माझ्या वर्गात खिडकीशी आहे, तोंड बाहेर करून. मुलं विचारतात, "बाई, ही उलटी का?" मी सांगते, "ती ऐकतेय. वाच तू."

काल शाळा सुटल्यावर दार लोटून घेतलं आणि हे सगळं त्या खुर्चीच्या पाठीला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. दोनदा अडखळले, तेवढं परत वाचलं. संपल्यावर सवयीनं थांबले, आता वळतील म्हणून. मग मीच म्हणाले, "व्हय बाई. हेच म्हनायचं व्हतं."