शतावरीच्या शेतातला संघ

मेधावहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये हातात ट्रे घेऊन रांगेत उभा होतो. "भावजी, हेमंत गेला," एवढंच त्या म्हणाल्या. मी "हो" म्हणालो. पुढचा माणूस सरकला, मीही सरकलो, बटाट्याचं काहीतरी ताटात वाढून घेतलं, पैसे दिले आणि टेबलाशी जाऊन बसलो. माझ्या जवळच्या मित्राच्या मरणावर मी "हो" म्हणालो, हे मला पाच-दहा मिनिटांनी कळलं. त्याला आता महिना होऊन गेला. अजूनही त्याच्याबद्दल काही बोलायला गेलो की तोच एक शब्द आधी आठवतो.

हेमंत आणि मी जर्मनीत, वाल्डॉर्फला एकाच वर्षी आलो, एकाच मजल्यावर बसलो आणि एकाच घरमालकाच्या शिव्या खाल्ल्या. पुण्यात तो क्लब क्रिकेट खेळलेला, त्यामुळे इथल्या रविवारी त्याचे हात शिवशिवायचे. ज्या उन्हाळ्यात फुटबॉलच्या विश्वचषकासाठी सगळा देश झेंडे लावून बसला होता, त्या उन्हाळ्यात आमच्या विभागातला योर्ग त्याला विचारायला आला, की रविवारी बेसबॉलला एक माणूस कमी पडतोय, येतोस का? हेमंतला बेसबॉलचं ओ की ठो माहीत नव्हतं. तो गेला. पहिल्याच खेपेला त्याने चेंडू झकास मारला, आणि बॅट काखेत धरून जागच्या जागी उभा राहिला. सगळे "लाउफ! लाउफ!", पळ पळ, ओरडताहेत आणि हा शांत. संध्याकाळी मला म्हणाला, "अरे, चेंडू थेट फील्डरकडे गेला होता. त्यात रन कुठली? मी 'नो' म्हणालो." समोरच्या टोकाला कुणी जोडीदारच नसतो, मग 'नो' म्हणालास कुणाला, असं मी विचारलं, तर गडी स्वतःच हसत सुटला.

तो संघ म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्यात खालच्या लीगमधला. आधी भाजीची शतावरी पिकवायचे अशा जमिनीवर त्यांचं मैदान, उजवीकडे चांगला उतार, कपडे बदलायला एक गंजलेला कंटेनर. शर्टावरच्या चिन्हात बॅटच्या जागी शतावरीचा पांढरा दांडा. योर्ग शाळेत असताना जवळच्या छावणीतल्या अमेरिकन सैनिकांकडून हा खेळ शिकला आणि त्याने चार मित्रांना घेऊन संघ काढला. एकदाच वरच्या लीगमध्ये गेले, पुढच्याच वर्षी परत खाली. बास, एवढाच इतिहास. पण हेमंतने तो लिहायला घेतला. योर्गच्या तळघरातून जुन्या स्कोअरवह्या आणल्या, पहिला कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, आता बेकरी चालवतो असं कळल्यावर शनिवार-शनिवार तिथे जाऊन बसला. मी चिडवायचो, "तुला आपल्या पणजोबांचं नाव सांगता येत नाही, आणि या लोकांच्या कॅचरचं लग्न कधी झालं ते पाठ आहे." तो म्हणायचा, "पणजोबांचं लिहायला घरात माणसं आहेत रे. यांचं कोण लिहिणार?"

मग त्याचं दुखणं निघालं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. हायडेलबर्गच्या हॉस्पिटलच्या खेपा, बारीक होत गेलेले हात, आणि मांडीवर उशी, उशीवर वही. इकडे संघाचीही तीच गत. कुणाची बदली झाली, कुणाला मूल झालं. माणसं कमी पडली म्हणून त्या मोसमात दोन सामने आधीच सोडून द्यावे लागले होते. तिसऱ्यांदा तसं झालं, की संघ लीगमधून बाद. खेळायला नऊ लागतात, आणि उरले होते आठ जण.

हेमंतने मला धरलं. "तू उभा राहा नुसता. उजवीकडच्या उतारावर चेंडू फारसा येतच नाही." मी कबूल झालो. त्याने खेळाडूच्या पासचा फॉर्म दिला. सही करायची, फोटो चिकटवायचा, संघटनेच्या पत्त्यावर पोस्टात टाकायचा, पास घरी येतो. तीन-चार वेळा त्याने फोनवर विचारलं आणि मी दर वेळी म्हणालो, "टाकतो रे उद्या." फॉर्म गाडीतच पडून होता. कामं होती हे खरं, पण खरं कारण ते नाही. माणूस समोर उभा आहे म्हटल्यावर कागद कोण विचारणार, चालवून घेतील, असं मी धरून चाललो होतो. सहा वर्षं या देशात काढून, दर ऑफिसात कागदासाठी परत पाठवला गेलेला माणूस मी...

रविवारी मी वेळेच्या आधी पोचलो, योर्गने दिलेला शर्ट घातला. पंचांनी पास गोळा केले. माझ्यापाशी आल्यावर मी फॉर्म दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, परत दिला, आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "आल्झो... आख्ट." आठ. योर्ग त्यांच्याशी बोलला, समोरच्या संघानेही आमची हरकत नाही म्हणून सांगितलं. पंच घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबू म्हणाले. कुणाची वाट बघायची होती कोण जाणे. पंधरा मिनिटांनी योर्ग मैदानात गेला आणि त्याने बेसच्या गाद्या एकेक करून उचलल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "लास मा." राहू दे. रागाने नाही म्हणाला, तेच मला सोसवलं नाही.

तिथून मी हॉस्पिटलला गेलो. हेमंतला सगळं सांगितलं, फॉर्म गाडीत राहिला हेही. त्याने मला शिवी द्यावी असं मला फार वाटत होतं. तो म्हणाला, "मला वाटलं होतं, आधी मी जाईन." पुढे त्याने वहिनींना माझ्यासाठी चहा आणायला सांगितलं आणि योर्ग घरी नीट गेला का, ते विचारलं. मला माफी मागायची होती. पण त्याची ती अवस्था, त्यात माझी माफी ऐकून घ्यायचं कामही त्यालाच लावायचं? मी चहा प्यायलो. नंतर दोनदा भेट झाली, तेव्हा तो बहुतेक झोपेतच होता.

गेल्या आठवड्यात वहिनींनी त्याच्या उशाच्या वस्तूंतला एक कागद मला दिला. "तुमचं नाव आहे यावर," म्हणाल्या. त्या रविवारची संघाची यादी, शनिवारी हॉस्पिटलमध्ये त्याने केलेली. अक्षर वाकडंतिकडं, पण रेघा पट्टीने मारलेल्या. आठ नावं, प्रत्येकापुढे पासचा नंबर. नवव्या ओळीत माझं नाव. त्यापुढे त्याने नंबरापुरती जागा सोडली होती.

परवा मी तो फॉर्म भरला. फोटो चिकटवला, सही केली, पाकीट बंद केलं. टेबलावर ठेवलंय.