रोलच्या कॅमेऱ्याचं झाकण

तेव्हा मी अल्लड होते, अवघी बासष्ट वर्षांची. शेजारच्यांनी रोलच्या जुन्या कॅमेऱ्यानं माझा फोटो काढला आणि कॅमेरा माझ्या हाती देऊन ते पाणी प्यायला गेले. आपलं रूप कसं आलंय ते बघावं म्हणून मी मागचं झाकण उघडलं. आत फोटो नव्हताच. ऊन शिरलं आणि अख्खा रोल वाया गेला.

हे शेजारी भूमच्या बाजारात भंगारवाल्याकडून मेलेले कॅमेरे आणतात. माणसांशी जेमतेम बोलतात, कॅमेऱ्यांना मात्र "अहो, रुसलात काय?" म्हणत धोतराच्या मऊ फडक्यानं पुसतात. कुणाला फोटोला बसवलं की म्हणणार, "थांबा, ऊन जरा निवू द्या." तोवर बसणाऱ्याला डुलकी लागते.

माझ्यावर ते रागावले नाहीत. झाकण लावून एवढंच म्हणाले, "मावशी, त्यात आमच्या हिचा फोटो हुता." वर्षभर विनवल्यावर बायको बसली होती, तीही "पुन्यांदा म्हणायचं न्हाय" असं बजावून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उन्हं कलताना त्यांनी नवा रोल भरला. काय सांगून कोण जाणे, बायकोला उंबऱ्यावर बसवलं, तिचा पदर स्वतः सारखा केला आणि ऊन निवेपर्यंत तिच्याकडं एकटक बघत उभे राहिले. मी कुंपणाआडून चोरून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात आली. मी शिव्या खायच्या तयारीनं उभी. ती हळूच म्हणाली, "मावशी, अधनंमधनं ते झाकण उघडत जावा की. फोटोपुरतं तरी हे माझ्याकडं बघत्यात."