पिनेच्या भोकातला पिवळा रंग

माझी बायको गाड्या दुरुस्त करते आणि मी कपडे शिवतो. लोकांना यात अजून गंमत वाटते. लग्नात माझ्या एका मामानं विचारलं होतं, "मग तुमच्याकडे स्वयंपाक कोण करणार?" त्यानंतर मामा जेव्हा जेव्हा जेवायला आला, तेव्हा तेव्हा मी त्याला भांडी घासायला लावलं. हल्ली तो जेवून येतो.

तिचं गॅरेज आणि माझं दुकान यांच्यात एकच भिंत आहे आणि त्या भिंतीत खिडकी. मशीनवर बसल्या बसल्या मला तिचे फक्त बूट दिसतात, कारण बाकीची ती बहुतेक वेळ कुठल्यातरी गाडीखाली असते. बुटांवरून मला तिचा दिवस कळतो. टाचा जमिनीला टेकलेल्या असल्या की काम सरळ चाललंय. बूट हलायला लागले की कुणाला तरी शिव्या पडताहेत, आणि पहिला नंबर बहुधा माझाच.

हे काम ती तिच्या वडिलांकडे शिकली. दादा, म्हणजे माझे सासरे, डोंगरावरच्या वस्त्यांपर्यंत जीप चालवायचे. वर जाताना टपाल, औषधं, गॅसच्या टाक्या. खाली येताना आजारी माणसं आणि रुसून माहेरी निघालेल्या सुना. हिवाळ्यात त्या रस्त्यावर बर्फ पडला की बाकीचे ड्रायव्हर चहाच्या टपरीवर बसून हवामानाला नावं ठेवायचे, आणि दादा चाकांना साखळ्या बांधून निघायचे. गाडीचं कामही स्वतःच करायचे. लहानपणी ही बॅटरी धरून त्यांना उजेड दाखवायची. पुढे ती गाडीखाली शिरली आणि बॅटरी दादांच्या हातात आली. हा बदल कधी झाला ते दोघांनाही सांगता येत नाही, पण दादांना तो आवडला नसणार. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातला तो माणूस.

अलीकडे ती त्यांना जड काही उचलू देत नव्हती. त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं, रंगाचं. ते समजावून सांगायला हवं. गाडीच्या स्टिअरिंगमधले नट कितीही आवळले तरी खराब रस्त्याच्या खडखडाटानं सैल होतात. म्हणून नटाच्या खाचेतून आणि बोल्टच्या भोकातून एक पिन आरपार घालतात आणि तिचे दोन पाय वाकवून ठेवतात. मग नट जागचा हलत नाही. आमच्या गॅरेजात त्याच्यावर आणखी एक रीत होती. पिन बसली की पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची, बोल्टवरून नटावर आणि नटावरून खालच्या लोखंडावर. रेघ ओढली म्हणजे तो सांधा पास. आणि दादांचा नियम असा, की पिन बसवणाऱ्यानं रेघ ओढायची नाही. दुसऱ्यानं पिन डोळ्यांनी पाहायची आणि मगच ब्रश लावायचा. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा नाही, असं ते म्हणायचे. पिन ती बसवायची, रेघ दादा ओढायचे. डबा आणि ब्रश त्यांच्या स्टुलाखाली असायचे आणि दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

या हिवाळ्यात दादांची जीप वरच्या वळणावर दगडी कठड्याला धडकली. गाडीत ते एकटेच होते. मनगट मोडलं, बाकी खरचटण्यावर निभावलं. दवाखान्यात आम्ही सगळे जमलो तेव्हा प्लास्टरकडे बघत ते म्हणाले, "बर्फावर हात चुकला. वय झालं आता."

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वर्षभर याच वाक्याची वाट बघत होता. वाईट नाही तो. बापाची काळजी वाटते त्याला, फक्त ती दाखवायची पद्धत पोलिसासारखी आहे. त्यानं तिथंच दादांच्या कोटाच्या खिशातून किल्ली काढून घेतली. "बस झालं दादा. गाडी विकून टाकू. मी गिऱ्हाईक बघतो." आणि दादा "बरं" म्हणाले.

त्या "बरं"नं माझ्या बायकोची झोप उडाली. घरी येताना ती म्हणाली, "अहो, दादा आजवर कुणाला बरं म्हणालेत?"

"मला लग्नाच्या वेळी म्हणाले होते."

"तेही मी आठवडाभर जेवले नाही तेव्हा." मग थोडं चालल्यावर म्हणाली, "बर्फावर त्यांचा हात चुकत नाही. गाडीतच काहीतरी झालंय. मी शोधून काढते. गाडी गेली तर ते खुर्चीत बसून संपतील."

म्हणजे ती गाडीखाली शिरली ती बापाला सोडवायला. हे लक्षात ठेवा.

जीप ओढून आणली तेव्हा पुढचं उजवं चाक आत वळलं होतं आणि डावं सरळ होतं, तिरळ्या माणसासारखं. तिनं पुढची बाजू जॅकवर घेतली, मला जीपमध्ये बसवलं आणि स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. मी फिरवलं. ते फिरतच राहिलं, पण एकही चाक हललं नाही. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, हे शोधायला तिला फार वेळ लागला नाही. दोन्ही चाकांना जोडणारा आडवा रॉड वाकला होता. तो तिनं बॅटरीच्या उजेडात पाहिला आणि सोडून दिला. तिथला गंज ताजा उडालेला होता, म्हणजे तो कठड्याच्या धडकेनं वाकला. दुसरा दांडा, स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा, सांध्यातून निसटून लोंबत होता. त्याचा बोल्ट तुटलेला नव्हता, वाकलाही नव्हता. आटे शाबूत होते. फक्त त्याच्यावर नट नव्हता.

"धडकेनं नट उडाला असेल," मी म्हणालो.

"धडकेनं बोल्ट तुटतो. नट आट्यांवरून फिरत फिरत सुटतो, आणि त्याला बरेच दिवस लागतात." तिचा आवाज हलका झाला होता. आनंदाचा म्हणावा असा. स्टिअरिंग आधी सुटलं होतं, धडक नंतर. दादांचा हात चुकला नव्हता.

मग तिनं बॅटरी बोल्टच्या भोकावर धरली आणि तो आनंद मावळला. खिडकीतून नव्हे, आता मी शेजारीच उकिडवा बसलो होतो, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत होता. तो सांधा पावसाळ्यानंतर तिनंच बदलला होता. बोल्टच्या भोकात पिन नव्हती. पिन तुटली असती तर तिचा तुकडा भोकात अडकून राहिला असता.

"पिन मापाची नव्हती," ती सावकाश आठवत म्हणाली. "मी फळीवर दुसरी शोधायला गेले. तेवढ्यात फोन आला. परत आले तर रेघ ओढलेली होती. मला वाटलं, झालं हे."

आमच्या घरी रेघ म्हणजे शेवटचा शब्द. तो वाचून ती पुढच्या सांध्याकडे गेली. ही चूक दुसऱ्या कुठल्याही गॅरेजात झाली नसती, कारण दुसरीकडे रेघ ओढतच नाहीत.

"तुमच्याजवळ सुई आहे ना? द्या."

माझ्या कॉलरला सुई कायम टोचलेली असते. ती मी दिली. तिनं सुईच्या टोकानं भोक खरवडलं. आतून चिखल आला, ग्रीस आलं आणि मग पिवळ्या रंगाचे टवके आले. रंग भोकाच्या आत गेला होता, म्हणजे रेघ ओढली तेव्हा भोक रिकामं होतं. एवढं शिंप्यालाही कळतं. रेघ कुणी ओढली तेही कळतं.

तिनं सगळे टवके काढले, रॉकेलच्या फडक्यानं बोल्ट लख्ख पुसला आणि सुई परत दिली. "तुम्ही काही पाहिलं नाही," म्हणाली.

मला तिचा राग आला. चूक दोघांची होती आणि ही सगळी स्वतःच्या पदरात घेऊन मोकळी होत होती. पण बोल्ट लख्ख झाला तरी ती तो पुन्हा पुन्हा पुसत होती. त्या जीपमध्ये तिचा बाप बसला होता. मी मूग गिळून बसलो.

रविवारी मेहुणा गाडी न्यायला आला. दादाही आले, गळ्यात प्लास्टरचा हात, आणि आपल्या स्टुलावर बसले. हिनं हात पुसले आणि कसलीही प्रस्तावना न करता सांगितलं, "स्टिअरिंग आधी सुटलं. पिन बसवायची मी विसरले होते. दादांची काही चूक नाही. किल्ली त्यांना परत दे."

मेहुण्यानं आधी बहिणीकडे बघितलं, मग बापाकडे. "दादा, तुम्हाला माहीत होतं?"

"स्टिअरिंग हातात रिकामं फिरलं, तेव्हाच कळलं."

"मग बर्फावर हात चुकला असं का म्हणालात?"

"लोक आपला जीव हिच्या हातात देतात," दादा म्हणाले. "माझ्या हातात आता कोण देतंय?"

मेहुणा खाली बघत पुढे गेला. त्यानं खिशातून किल्ली काढली आणि बापासमोर धरली. "माझं चुकलं, दादा. घ्या."

माझी बायको हसली. थकलेलं, पण मनापासूनचं हसू. तिला हवं होतं ते झालं होतं. दादांनी चांगला हात पुढे केला, किल्लीपर्यंत नेला आणि तसाच मागे घेतला.

"ही तुला अर्धंच सांगतेय," ते मुलाला म्हणाले. "पिन नव्हती, तरी रेघ मी ओढली."

"दादा, जाऊ द्या ते," ती म्हणाली.

"का जाऊ द्या? पिन पाहिल्याशिवाय ब्रश लावायचा नाही, हा नियम माझाच ना?" ते थांबले. "मला पिन दिसत नाही. वर्ष होऊन गेलं. नट दिसतो, पिन नाही. तू बसवतेसच, चुकत नाहीस, म्हणून मी अंदाजानं ओढत आलो. ज्याला हातभरावरची पिन दिसत नाही त्यानं डोंगरात गाडी चालवू नये. ठेव रे ती किल्ली तुझ्याकडेच."

मेहुण्यानं किल्ली खिशात टाकली, पण जिंकल्यासारखा दिसला नाही. बायको दादांच्या समोर जमिनीवर बसली.

"मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "गाडी जाईल म्हणून भावापासून लपवलंत, ते मी समजू शकते. पण दिसत नाही एवढं तरी मला सांगायचं."

"गाडी काय, आज ना उद्या जाणारच होती," दादा म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू रंगाचा डबा काढून घेतला असतास."

ती स्टुलाखालच्या डब्याकडे बघत राहिली. तिनं खरंच तेच केलं असतं.