कुणी हलू नका!

दिवाळीच्या संध्याकाळी आमच्या गच्चीवर दिवाळी नसते, फोटो असतो. नवरा स्टँडवर कॅमेरा लावतो, दिवे घालवतो आणि लेकीला पेटती फुलबाजी गोल फिरवायला लावतो. वर ओरडतो, "कुणी हलू नका!" कॅमेऱ्याचा डोळा म्हणे बराच वेळ उघडा राहतो. पुडा संपत आला, लेक रडकुंडीला आली, तरी ह्याला हवं तसं वर्तुळ काही येईना. फराळाच्या बशा, पाणी, तिच्या बोटाला मलम, असं माझं वरखाली चालूच होतं.

एकदाचं जमलं. प्रकाशाचं कडं खरंच सुबक आलं होतं.

"अरे, पण मी मधूनच गेले की!"

"असू दे गं," तो खुशीत म्हणाला, "सारखं हलणारं माणूस यात उमटतच नाही."

मला घरातले सगळे अल्बम आठवले.