तिने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर

आमची मुलुंडची इमारत पाडायला निघाली तेव्हा घरातल्या वस्तूंची वाटणी मी बरीचशी शांतपणे केली. पुस्तकं एका वाचनालयात गेली, भांडी भाचीकडे. अडलो तो बायकोच्या टेबलाशी. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि घरी आली की चहा घेऊन याच टेबलाशी बसायची. तिने पॉवर सप्लाय केले, ॲम्प्लिफायर केले, वीज गेली की आपोआप लागणारा दिवा केला. तो दिवा शेजाऱ्यांनी इतका मागितला की शेवटी आमच्या जिन्यावरच्या प्रत्येक घरात एक झाला.

टेबलावर एक जड ट्रान्सफॉर्मर होता. घरातली दोनशे तीस व्होल्टची वीज चोवीसवर आणणारा. त्याचे लोखंडी पत्रे जुन्या स्टॅबिलायझरचे होते, पण आतबाहेरची सगळी तांब्याची तार तिने स्वतः गुंडाळली होती. हाताने फिरवायच्या छोट्या यंत्रावर, ओठ हलवत वेढे मोजत. मोजताना तिच्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती. एकदा तिची सख्खी बहीण दारात आली तर हिने डावा हात वर केला आणि तारेचा तो थर पुरा होईपर्यंत तिला चपला घालूनच उभं ठेवलं.

भंगारवाला म्हणाला, "काका, तांबं निघेल थोडं, बाकी लोखंडाचा भाव." मी त्याला नको म्हटलं. तिने केलेली ती गुंडाळी कुणाच्या तरी घरी जशीच्या तशी चालू राहावी, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून मोबाइलवर जाहिरात टाकली: वापरलेला ट्रान्सफॉर्मर, चालू स्थितीत, हौशी कामासाठी. दिवसभर लोक नुसतं 'लास्ट प्राइस?' एवढंच विचारत राहिले. एकाने मात्र विचारलं, "गरम किती होतो?" त्याला मी यायला सांगितलं.

रविवारी सकाळी तो चेंबूरहून बायकोला घेऊन आला. चाळिशीचा, बँकेत नोकरी, सुट्टीच्या दिवशी हे उद्योग. बायको दारातूनच म्हणाली, "काका, तुमची अडगळ आमच्याकडे येणार, बाकी काही नाही. आमच्या पलंगाखाली आधीच असले चार आहेत."

"तीन," तो म्हणाला.

"चौथ्याला माझ्या पायाचा अंगठा आपटला होता, मला माहितीये ना!"

त्याने पिशवीतून एक फळी काढली. तिच्यावर साधा पिवळा बल्ब बसवलेला होता. अनोळखी ट्रान्सफॉर्मर थेट विजेला लावायचा नाही, आधी बल्बामागून लावायचा, ही या लोकांची रीत. त्याने तारा जोडल्या आणि बटण दाबलं. बल्ब क्षणभर लखलखला आणि विझला.

"गेला?" मी विचारलं.

"नाही हो काका, विझला म्हणजे ठणठणीत. पेटून राहिला असता तर आत शॉर्ट, म्हणजे वाट लागली असती." मग त्याने मीटर लावला, आकडा पाहिला, कान जवळ नेला. "आवाजसुद्धा नाही. झकास काम आहे यार! कुठल्या कारखान्यातला?"

"माझ्या बायकोने केलाय. ती आता नाही."

तो टेबलाकडे वळला आणि सावकाश सगळं पाहिलं: यंत्र, रिकामी रिळं, भिंतीवर टांगलेल्या पकडी. तो काही बोलणार हे ओळखून बायकोने त्याला 'राहू दे' म्हणून कोपराने ढोसलं, पण तो प्रामाणिक माणूस होता.

"काका, एक सांगायला हवं. मला बॅटरी चार्जर करायचाय. चोवीस व्होल्ट मला जास्त होतात. आतली बारीक तार तशीच राहील, पण वरची मी काढणार. जाड तारेचे थोडे वेढे घालणार."

"मग नको," मी म्हटलं.

"चल रे," त्याची बायको लगेच दाराकडे वळली. "काका नको म्हणतायत ना." तो फळीच्या तारा सोडवू लागला. रागावला नव्हता. उलट ट्रान्सफॉर्मर त्याने दोन्ही हातांनी उचलून अगदी होता तिथे ठेवला.

त्याचं ते ठेवणं पाहताना मला माझी बायकोच आठवली. घाटकोपरच्या भंगारातून ती असलं काहीतरी घेऊन यायची आणि आधी नुसतं बघत बसायची. "बघा हो, काय सुरेख बसवलंय. एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही." आणि मग ज्याचं एवढं कौतुक केलं त्याचंच टोक शोधून ती सगळी तार उलगडून काढायची. मी एकदा विचारलं होतं, वाईट नाही वाटत? ती हसली. "अहो, चांगलं गुंडाळलंय म्हणून तर सुखासुखी निघतंय. गबाळ्याचं असतं तर छिन्नीनेच फोडावं लागलं असतं."

मी त्या दोघांना दारातून परत बोलावलं.

"न्या," म्हटलं. "फक्त तार तोडून काढू नका. बाहेरच्या टोकापासून उलगडा. निघेल."

"काकांची शपथ," तो म्हणाला. त्याची बायको म्हणाली, "स्वतःची घे की रे!" मग माझ्याकडे वळली. "तार परत आणून देऊ का, आठवण म्हणून?"

"नको. तुमच्याच कशाला तरी लागेल."

मग मनात आलं, तारेच्या दोन थरांमध्ये घालायचा कागद याच्याकडे असेल का? नव्हता. तो म्हणाला, चिकटपट्टी लावीन. तेवढं मात्र मला सहन होईना. या टेबलाशी माझं काम तेवढंच असायचं: पलीकडे बसून वाचायचं आणि बायको "पट्टी" म्हणाली की कागदाची पट्टी कापून द्यायची. खणातून करकरीत, पिवळट कागदाची गुंडाळी काढली आणि कात्री घेऊन बसलो. तार ज्यावर गुंडाळतात त्या साच्याच्या रुंदीपेक्षा पट्टी किंचित जास्त घ्यायची आणि दोन्ही कडांना मोजून सारखेच बारीक कातरे द्यायचे, म्हणजे कडा वर वळतात आणि टोकाचा वेढा खालच्या थरात घसरत नाही.

"हे तू शिक," तो बायकोला म्हणाला. "माझा हात थरथरतो."

"म्हणजे आता मीही कामाला?" असं म्हणत ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. तिच्या पहिल्या पट्टीचे कातरे खोल गेले, दुसरीचे वाकडे. तो मागून काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात तिने डोळे कागदावरून न हलवता म्हटलं, "गप रे, मोजतेय."

तो होता तिथेच थांबला. मीही कात्री थांबवली आणि तिचं मोजणं संपायची वाट पाहिली.