चौथ्या तुकड्यावरचा जोर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्ही माझे कोण? कुणी नाही — म्हणूनच सांगते.

आमचे हे मरोळला फ्रीज-एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपात होते. कुणी धंदा विचारला की तोंड भरून सांगायचे — "रेफ्रिजरेशन!" एकदा मी तो शब्द म्हणायला गेले आणि मध्येच अडखळले. पाहुण्यांसमोर म्हणाले, "तू राहू दे गं, चौथी पास. फ्रीज म्हण, तेवढं पुरे तुला." सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

म्हातारपणी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी यायची. म्हणाली, त्यांच्या ओळखीचा शब्द घ्या, तुकडे पाडा, दर तुकड्याला उलट्या डब्यावर बोट वाजवा. रे-फ्रि-ज-रे-शन. चौथ्या तुकड्यावर जोर.

चौथ्यावरच का? मला राहवेना, विचारलंच. शेवटी 'शन' आलं की इंग्रजीत त्याच्या आधीच्या तुकड्यावर जोर पडतो, म्हणाली. मला नवल वाटलं. भांडी घासताना मी एकेक शब्द तपासायचे — स्टेशन, ऑपरेशन, रजिस्ट्रेशन. खरंच की! एका शब्दात दोन 'रे', एक हलका, एक जड — आणि हे इतकी वर्षं नकळत बरोबर म्हणत होते? बघता बघता तो शब्द मला सरळ यायला लागला.

आणि सांगायचं आहे ते इथेच — हे 'रे' म्हणायचे. 'फ्रि' म्हणायचे. 'ज'वर अडकायचे, कपाळावर घाम. मुलीने बजावलं होतं, थांबा, त्यांच्या तोंडचा शब्द हिसकावू नका. मी थांबत नव्हते. अख्खा शब्द धाडकन म्हणून टाकायचे, चौथ्या तुकड्यावर चांगला जोर देऊन. कामाची घाई होती म्हणून? नाही. त्यांचा चेहरा बघायला. मजा यायची मला.

हळूहळू ते 'रे'सुद्धा म्हणेनासे झाले. मुलगी विचारायची, "आजी, थांबता ना तुम्ही?" मी म्हणायचे, "थांबते की गं."

एका दुपारी मी मेथी निवडत होते. खुर्चीच्या हातावर त्यांचं डावं बोट वाजलं. तीनदा हलकं, एकदा जड, एकदा हलकं. पुन्हा तसंच. माझ्याकडेच बघत होते. शब्द पुरा होता त्यांच्यापाशी — फक्त तोंडापर्यंत यायचा होता. मला कळलं नाही? लगेच कळलं.

संध्याकाळी मुलगी आली. "काही फरक, आजी?"

"काही नाही गं. उगाच फेऱ्या कशाला मारतेस? नको येऊस आता."

हे समोरच बसले होते. कान शाबूत होते त्यांचे. डावं बोट त्यांनी मुठीत मिटून घेतलं.

त्यानंतर ते बरेच जगले. तो शब्द आमच्या घरात फक्त मलाच म्हणता येत होता.